ब्रिजमध्ये गेम बोलावा की थांबावे: पानांची ताकद जोखण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना बोलीचे प्राथमिक नियम ठाऊक आहेत, पण दोन-तीनच्या पातळीवर थांबायचे की गेमपर्यंत, म्हणजे मोठे जादा गुण मिळवून देणाऱ्या बोलीपर्यंत, जायचे या निर्णयापाशी जे अडखळतात, अशा खेळाडूंच्या शंका येथे एकत्र घेतल्या आहेत. सर्व उदाहरणांत मेजर रंगाची, म्हणजे इस्पिक किंवा बदामाची, पहिली बोली किमान पाच पानांवर होते आणि एक नो ट्रम्पची (हुकमाचा रंग नसलेली) पहिली बोली १५ ते १७ पॉइंट (मोठ्या पानांचे गुण; मोजणी पुढे दिली आहे) दाखवते असे गृहीत धरले आहे. खाली ‘पाने’ म्हणजे एका खेळाडूची तेरा पाने आणि ‘हात’ म्हणजे खेळताना जिंकायचे हात.

दहा हात मिळणारच असतील, तर चारची (सहाच्या वर चार, म्हणजे दहा हातांची) बोली करण्याचा धोका का पत्करायचा?

कारण काँट्रॅक्ट ब्रिजमध्ये न बोललेले हात गेमसाठी धरले जात नाहीत. पूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली कितीही खालची असली तरी जिंकलेले जादा हात गेमच्या गुणांत जमा होत असत, त्यामुळे स्वस्तात थांबणे हेच शहाणपण होते. १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी गुणांकनाची जी रचना केली, तिच्यात फक्त बोललेल्या हातांचे गुण गेमकडे मोजले जाऊ लागले, आणि त्या दिवसापासून पानांची ताकद आधीच ओळखणे ही या खेळातली मध्यवर्ती कला झाली. डुप्लिकेटमध्ये (जेथे तीच पाने वेगवेगळ्या टेबलांवर खेळली जातात) दोन इस्पिक बोलून दहा हात केले तर १७० गुण मिळतात; तेच दहा हात चार इस्पिक बोलून केले तर व्हल्नरेबल (गेमचे जादा गुण आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत) नसताना ४२० आणि व्हल्नरेबल असताना ६२० मिळतात.

गेम यशस्वी होण्याची शक्यता किती असेल तर तो बोलावा?

याचे उत्तर स्पर्धेच्या प्रकारावर अवलंबून असते, आणि ते अंदाजाने नव्हे, साध्या गणिताने काढता येते. संघांच्या सामन्यात, जेथे दोन टेबलांवरील फरक आयएमपीमध्ये (ठरलेल्या तक्त्यानुसार गुणांच्या फरकावरून मिळणाऱ्या सामन्याच्या गुणांत) मोजला जातो, तेथे समजा आपण चार इस्पिक बोललो आणि दुसऱ्या टेबलावर तीच पाने असलेली जोडी तीनवर थांबली. आपण व्हल्नरेबल असताना दहा हात झाले, तर ६२० विरुद्ध १७० असा ४५० गुणांचा फरक पडतो आणि १० आयएमपी मिळतात. एक हात कमी पडला, तर आपले १०० जातात आणि त्यांना १४० मिळतात. या २४० गुणांच्या फरकाचे ६ आयएमपी होतात. म्हणजे १० मिळवण्यासाठी आपण ६ पणाला लावतो, आणि १६ पैकी ६ वेळा, म्हणजे सुमारे साडेसदतीस टक्के वेळा गेम झाला तरी हिशेब बरोबरीत सुटतो. व्हल्नरेबल नसताना हीच तुलना ६ विरुद्ध ५ अशी होते, म्हणून तेथे सुमारे ४५ टक्के शक्यता हवी. मॅचपॉइंट पद्धतीच्या जोडी-स्पर्धेत मात्र फरक किती मोठा आहे याला महत्त्व नसते, फक्त कोणाचे गुण जास्त एवढेच पाहिले जाते, त्यामुळे तेथे ५० टक्क्यांची मर्यादा धरावी.

हे आकडे गेम एकाच हाताने पडेल असे मानून काढलेले आहेत. कधी कधी दोन हात कमी पडतात, कधी प्रतिस्पर्धी डबल (दंड वाढवणारी बोली) देतात. त्यामुळे प्रत्यक्षात मर्यादा किंचित वर सरकते. दुसऱ्या बाजूला, बचाव करणाऱ्यांना पहिली उतारी डमी (खेळणाऱ्याच्या जोडीदाराची टेबलावर उघडी मांडलेली पाने) न पाहताच करावी लागते आणि तिथे चूक होण्याला भरपूर वाव असतो. माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी छेद देतात, आणि संघांच्या सामन्यात व्हल्नरेबल असताना एका फिनेसवर (वरचे पान विशिष्ट प्रतिस्पर्ध्याकडे असेल असे धरून खालच्या पानाने हात जिंकण्याच्या प्रयत्नावर) अवलंबून असलेला गेम न बोलणे ही निव्वळ तूट आहे.

गेमला २५ पॉइंट लागतात, हा आकडा आला कोठून?

एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ ही मोजणी ब्रायंट मॅककॅम्पबेल यांनी १९१५ मध्ये मांडली, मिल्टन वर्क यांनी ती लोकप्रिय केली आणि पुढे चार्ल्स गोरेन यांनी तिला आकाराच्या गुणांची जोड देऊन ती घरोघरी पोहोचवली. एकूण जुडीत ४० पॉइंट असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १० येतात. दोघांकडे मिळून २५ ते २६ पॉइंट असले की तीन नो ट्रम्पचे नऊ हात किंवा मेजर रंगातले दहा हात होण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. तो अनुभवातून आलेला सरासरी अंदाज आहे. समोरच्या विशिष्ट पानांबद्दल तो काहीही हमी देत नाही.

दोन खेळाडूंकडे सारखेच पॉइंट असताना एकाने पुढे जावे आणि दुसऱ्याने थांबावे, हे कसे?

जोडीदाराने एक इस्पिक बोलून सुरुवात केली आहे असे समजा. त्याच्याकडे इस्पिक एक्का-राणी-१०-९-२, बदाम एक्का-८-४, चौकट राजा-६ आणि किलवर १०-६-३ आहेत, म्हणजे १३ पॉइंटची अगदी नेहमीची ओपनिंग.

पहिल्या प्रसंगी आपल्याकडे इस्पिक राजा-८-६-४, बदाम ५, चौकट एक्का-१०-९-३ आणि किलवर ९-७-५-२ आहेत. दुसऱ्या प्रसंगी इस्पिक गुलाम-७-३, बदाम राणी-गुलाम-६, चौकट राणी-गुलाम-५ आणि किलवर ८-५-४-२ आहेत. दोन्ही पानांत पॉइंट सातच आहेत.

पहिल्या पानांत हुकमाचे पाच हात, बदामाचा एक्का, चौकटीचा एक्का व राजा, आणि डमीत दोन बदाम हुकमाने कापून मिळणारे दोन, असे दहा हात होतात. किलवरचे तीन हात प्रतिस्पर्ध्यांना जातात आणि तेवढेच जातात. एकूण पॉइंट फक्त २० असताना चार इस्पिक हा चांगला गेम ठरतो. दुसऱ्या पानांत मात्र किलवरचे तीन, चौकटीचा एक, आणि त्याखेरीज इस्पिकच्या व बदामाच्या राजाची चिंता राहते. दोन्ही फिनेस साधले तरी नवाच्या पुढे जाणे अवघड, आणि एरवी सात किंवा आठ हातांवर समाधान मानावे लागते.

हा फरक तीन गोष्टींमुळे पडला. पहिली म्हणजे चौथे हुकमाचे पान. दुसरी म्हणजे एकच पान असलेला रंग. तिसरी, आणि जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ती, म्हणजे पॉइंट कोणत्या पानांत आहेत. राजा आणि एक्का हुकमाच्या खेळात स्वतःच्या बळावर हात जिंकतात. सुट्या राण्या आणि गुलाम यांना हात जिंकण्यासाठी वरची पाने आधी निघून जावी लागतात, आणि तोवर प्रतिस्पर्ध्यांनी आपले हात घेतलेले असतात. ४-३-२-१ ही मोजणी हुकमाच्या खेळात एक्क्याला कमी आणि राणी-गुलामाला जास्त किंमत देते, हे आज बहुतेक सर्व जाणकार मान्य करतात.

आखूड रंगाचे गुण केव्हा मोजावेत?

हुकूम जुळल्यावरच, म्हणजे दोघांकडे मिळून त्या रंगाची पुरेशी पाने आहेत हे ठरल्यावरच. चार पानांचा पाठिंबा असेल तर रिकाम्या रंगाला ५, एकट्या पानाला ३ आणि दोन पानांना १ अशी भर घालण्याची पद्धत रूढ आहे. तीनच हुकूम असतील तर ३, २, १ असे मोजावे, कारण कापायला पाने कमी असतात. वरच्या उदाहरणातील पहिली पाने त्यामुळे ७ अधिक ३ मिळून १० होतात आणि १० ते १२ दाखवणारी तीन इस्पिकची बोली त्यांना शोभते, तर दुसऱ्या पानांवर साधे दोन इस्पिकच योग्य आहेत. जोडीदाराने बोललेला रंगच आपल्याकडे रिकामा असेल, तर तो गुण नव्हे, दोष आहे.

लूझर मोजण्याची पद्धत पॉइंटपेक्षा चांगली आहे का?

हुकूम जुळला असेल तर ती उत्तम पूरक पद्धत आहे; नो ट्रम्पसाठी ती वापरू नये. १९३० च्या दशकापासून ती प्रचारात आहे. प्रत्येक रंगातील पहिली तीनच पाने पाहायची आणि त्यांत एक्का, राजा, राणी यांपैकी जे नसेल ते लूझर धरायचे. दोनच पाने असतील तर जास्तीत जास्त दोन, एकच पान असेल तर एक्का वगळता एक, आणि रिकाम्या रंगात शून्य लूझर असतात. आपले आणि जोडीदाराचे लूझर मिळवून ते २४ मधून वजा केले की अपेक्षित हात मिळतात. नेहमीच्या ओपनिंगमध्ये सात लूझर असतात, म्हणून समोर सात लूझर असले की दहा हातांची अपेक्षा ठेवता येते.

वरील ओपनरकडे इस्पिकचा एक, बदामाचे दोन, चौकटीचा एक आणि किलवरचे तीन असे सात लूझर आहेत. पहिल्या पानांत आठ आणि दुसऱ्या पानांत दहा आहेत. म्हणजे ही पद्धत अनुक्रमे नऊ आणि सात हातांचे भाकीत करते. दोन पानांमधला फरक तिने अचूक टिपला, जो पॉइंटना मुळीच दिसला नाही; पण पहिल्या पानांत प्रत्यक्षात दहा हात झाले, आणि तो जादा हात कोठून आला हे समजण्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा लागेल.

‘वाया गेलेले पॉइंट’ म्हणजे काय?

गेमच्या बोलीतला हा सर्वांत महत्त्वाचा विषय आहे असे मला वाटते, आणि पॉइंट मोजायला शिकवताना नेमका तोच शेवटी ठेवला जातो.

जोडीदाराकडे किलवरचे एकच पान आहे आणि आपल्याकडे किलवर राजा-राणी-५ आहेत असे समजा. आपण त्या रंगात ५ पॉइंट मोजले, पण जोडीदार तो रंग दुसऱ्या फेरीपासून कापणारच होता. आपला राजा फार तर एक्का काढून घेतल्यावर एखादे पान टाकायला उपयोगी पडेल. राणीचे काम जवळजवळ संपलेले असते. आता त्याच जागी आपल्याकडे किलवर ८-६-३ आहेत आणि ते ५ पॉइंट दुसऱ्या एखाद्या रंगात आहेत असे धरा. पॉइंटची बेरीज तीच, पण आता प्रत्येक चित्र काम करते आणि तीनपैकी दोन लहान किलवर डमीत कापले जातात.

हे असे मोजता येते: प्रत्येक रंगात १० पॉइंट असतात. जोडीदाराचा एक रंग आखूड असेल आणि आपल्याकडे त्या रंगात फक्त लहान पाने असतील, तर उरलेल्या तीन रंगांतले ३० पॉइंट एवढीच आपली जुडी आहे असे समजावे. त्या ३० पैकी २० ते २२ आपल्या बाजूकडे असतील, तर मेजर रंगातला गेम बोलण्यास संकोच करू नये. आखूड रंगासमोर एक्का असेल तर तो वाया जात नाही, कारण तो पहिली फेरी जिंकतो आणि उरलेली लहान पाने कापता येतात. वरच्या उदाहरणात बदाम एक्का-८-४ समोर एकटी बदाम पंजी होती, दोघांचे एकही चित्र वाया गेले नाही, आणि दहावा हात तेथूनच आला.

म्हणूनच आखूड रंग दाखवणाऱ्या बोली आपल्या पद्धतीत असणे मोलाचे ठरते. एक इस्पिक, दोन इस्पिक, आणि त्यानंतर ओपनरने तीन किलवर बोलून ‘माझ्याकडे किलवरचे एकच पान किंवा तेही नाही’ असे सांगण्याचा करार असेल, तर किलवर राजा-गुलाम-७ असलेल्या जोडीदाराने वरच्या टोकाचे पॉइंट असूनही तीन इस्पिकवर परतावे, आणि किलवर ८-६-४-२ व बाहेर एक एक्का व एक राजा असलेल्याने निःशंक चार इस्पिक बोलावे.

ओपनरने नवीन रंगात मदत मागितली, तर उत्तर कसे ठरवावे?

हा वरच्याचा उलट करार आहे आणि जास्त जोड्या तोच वापरतात. एक इस्पिक, दोन इस्पिक, तीन चौकट या बोलीने ओपनर सांगतो की चौकटीत त्याची लांब पण भोकांची पाने आहेत आणि तेथे मदत मिळाली तर गेम होईल. चौकटीत आपल्याकडे लूझर एक किंवा शून्य असतील, म्हणजे राजा-राणी किंवा पुरेशा हुकमांसह एकच पान असेल, तर गेम बोलावा. तीन लहान पाने असतील तर नकार द्यावा. दोन लूझर असतील तरच बाकीच्या पॉइंटकडे पाहावे: ६-७ असतील तर तीन इस्पिक, ८-९ असतील तर चार.

जोडीदाराने एक नो ट्रम्प बोलल्यावर ८ पॉइंटवर काय करावे?

नियम सांगतो की ८-९ वर दोन नो ट्रम्पने आमंत्रण (जोडीदाराची पाने वरच्या टोकाची असतील तर त्याने गेम बोलावा, असा इशारा) द्यावे आणि १० वर थेट तीन बोलावे. पण इस्पिक ६-५, बदाम राजा-८-३, चौकट राजा-राणी-१०-९-४, किलवर ७-५-२ ही पानेही आठ पॉइंटचीच, आणि इस्पिक राणी-६-४, बदाम गुलाम-७-३, चौकट राजा-६-५, किलवर राणी-८-४-२ हीही आठचीच. पहिल्या पानांत चौकटीचा रंग चार हात देऊ शकतो आणि दश्शी-नव्वी त्या रंगाला आधार देतात. तेथे मी आमंत्रणात वेळ न घालवता थेट तीन नो ट्रम्प बोलेन. दुसरी पाने ४-३-३-३ आकाराची आहेत, त्यांत लांब रंगाचा एकही हात नाही, आणि त्यांतून एक पॉइंट वजा करणे न्याय्य आहे. तेथे मॅचपॉइंटमध्ये पास करणे मला अधिक योग्य वाटते.

आमंत्रण सढळ हाताने द्यावे की जपून?

जपून द्यावे आणि सढळपणे स्वीकारावे. आमंत्रण ही फुकटची गोष्ट नाही. ते नाकारले गेले की आपण दोनऐवजी तीनच्या पातळीवर येऊन बसतो, आणि आठच हात होणार असतील तर गेम न बोलताही एक हात कमी पडतो. शिवाय आमंत्रण देताना आपण प्रतिस्पर्ध्यांना आपल्या पानांची माहिती पुरवतो, आणि तिचा उपयोग त्यांना उतारी निवडताना होतो. गेमची शक्यता स्पष्ट दिसत असेल तर सरळ गेम बोलावा. ती जोडीदाराच्या अगदी वरच्या टोकावरच अवलंबून असेल तर सोडून द्यावी.

एकाकडे २१ आणि दुसऱ्याकडे ४ पॉइंट असतील, तर २५ ची बेरीज चालते का?

नो ट्रम्पमध्ये ती बेरीज १३ आणि १२ च्या बेरजेइतकी भक्कम नसते. दुबळ्या बाजूला हात जिंकून खेळ तिकडे नेणारी पाने नसली की बलवान बाजूला प्रत्येक रंग आपल्याच हातातून खेळावा लागतो, फिनेस घेता येत नाहीत आणि डमीतला लांब रंग तयार होऊनही वापरता येत नाही.

किलवर किंवा चौकट जुळले असतील तर?

अकरा हात लागतात आणि त्यासाठी साधारण २८ ते २९ पॉइंट हवेत, म्हणून आधी तीन नो ट्रम्पचा विचार करावा. सहा पानांचा भरीव मायनर रंग तर तेथे एकटाच सहा हात देतो. पाच किलवर किंवा पाच चौकट तेव्हाच बोलावे, जेव्हा एखादा रंग दोघांकडेही उघडा आहे, म्हणजे त्यात प्रतिस्पर्ध्यांना रोखणारे पान नाही, हे बोलीतून स्पष्ट झालेले असते.

प्रतिस्पर्ध्यांनी मध्ये बोली केली, तर माझ्या पानांची किंमत बदलते का?

बदलते, आणि पुष्कळ बदलते. आपल्याकडे बदाम राजा-७-४ आहेत आणि उजवीकडच्या खेळाडूने बदाम बोलले, तर एक्का बहुधा त्याच्याकडे, म्हणजे आपल्या राजाच्या आधी खेळणाऱ्याकडे आहे, आणि आपला राजा जवळजवळ एक्क्याच्या तोडीचा झाला. डावीकडच्याने बदाम बोलले तर तोच राजा एक्क्याच्या तोंडाशी सापडलेला आहे आणि त्याचे ३ पॉइंट मनातून कमी करावेत. प्रतिस्पर्ध्यांच्या रंगातील राणी किंवा गुलाम आपण हुकमाचा खेळ करणार असू तर जवळपास निरुपयोगी समजावेत. तीच पाने बचावात किंवा नो ट्रम्पमध्ये उपयोगी पडतात. दोघा प्रतिस्पर्ध्यांनी एकच रंग बोलून उचलून धरला आणि आपल्याकडे त्या रंगाची तीन लहान पाने असतील, तर जोडीदाराकडे तो रंग आखूड असण्याची शक्यता मोठी असते, आणि वर सांगितलेल्या ३० पॉइंटच्या जुडीचा हिशेब तेथे लागू होतो.

दोघांकडे ओपनिंगची पाने आहेत, पण एकही रंग जुळत नाही. तरीही गेम बोलावाच का?

पद्धतीनुसार बहुधा तीन नो ट्रम्पपर्यंत जावेच लागते. पण २४ पॉइंटच्या आसपास असताना आपले लांब रंग एकमेकांच्या आखूड रंगांसमोर आलेले दिसले, तर पहिल्या शक्य ठिकाणी थांबावे, कारण अशा पानांत २५ चा आकडा आपल्या बाजूने नसतो.

गेम बोललो आणि एक हात कमी पडला. बोली चुकली असे समजावे का?

निकालावरून नव्हे, दोघांची पाने समोर ठेवून ठरवावे. गेमला काय लागत होते ते पाहावे. प्रतिस्पर्ध्यांकडची पाच पाने ३-२ अशी विभागली जाण्याची शक्यता ६८ टक्के असते, सहा पाने ३-३ अशी येण्याची ३६ टक्के, आणि साध्या फिनेसची ५०. एक फिनेस साधला किंवा एक रंग ३-३ फुटला तरी गेम होत असेल, तर सुमारे ६८ टक्के वेळा तो झाला असता, आणि तो बोलण्यात काहीही चूक नव्हती. दोन फिनेस एकाच वेळी साधायला हवे असतील, तर शक्यता २५ टक्केच राहते. तेव्हा गेम यशस्वी झाला असला तरीही जोडीदारासोबत बसून ती बोली पुन्हा तपासावी आणि कोणते पॉइंट वाया गेले होते ते शोधावे.